पाच वाजताची वेळ

"हाड अडकलंय घशात," आई म्हणाली. "तरीच मी म्हणते, कालपासनं हा असा गप्प का."

आमचा कुत्रा काजू अंगणातल्या नळापाशी उभा होता. खालचा जबडा सैल पडून लोंबत होता, जीभ एका बाजूला आली होती आणि लाळेची तार थेट फरशीपर्यंत पोचली होती. मधूनच तो मान ताणून ढास लागल्यासारखा खोकायचा. पुढ्यातल्या पातेल्यात तोंड बुडवायचा, पण पाणी घशाखाली उतरायचंच नाही. पातेलं तेवढंच भरलेलं राहायचं.

मी त्याच्याजवळ उकिडवी बसून रडत होते. बावीस वर्षांची घोडी, पण काजूचं काही झालं की मला भान राहायचं नाही. विडीच्या कारखान्यामागं पोत्यात टाकून दिलेलं पिल्लू मी ओढणीत गुंडाळून घरी आणलं होतं, त्याला दीड वर्ष झालं होतं.

रडणं ऐकून रंजनावहिनी शिलाई मशीनवरून उठून बाहेर आली. दादाच्या लग्नाला तेव्हा दहा महिने झाले होते. वहिनी निफाडकडची. लहानपणी मळ्यातलं कुत्रं मागं लागून ती विहिरीच्या कठड्यावर आपटली होती, हनुवटीवर अजून व्रण होता. आमच्या घरात आल्यावर पहिले काही महिने काजू मोकळा असला की ती अंगणात पाऊल टाकायची नाही. त्याला तिनं एकदाही हात लावला नव्हता.

"रडून काय होणारे?" ती म्हणाली. पदर खोचून माझ्यासमोर बसली. "धर त्याचं डोकं."

"वहिनी, तुम्ही?"

"मग कोण? आईंचे हात थरथरतात, तू तर रडतेच आहेस. आणि टोचलेलं आहे ना त्याला? मग भ्यायचं काय."

मी डोकं धरलं. वहिनीनं डोळे गच्च मिटले आणि उजवा हात मनगटापर्यंत काजूच्या तोंडात घातला. तिचे ओठ पुटपुटत होते, देवाचं नाव घेत असावी. चाचपून चाचपून शेवटी तिनं हात बाहेर काढला. लाळेनं तो कोपरापर्यंत ओला झाला होता.

"काही नाही लागत हाताला. हाड नाहीये. तू डॉक्टरांना फोन लाव."

नळाखाली हात धरून तिनं दोनदा पाणी घेतलं, पदराला पुसलं आणि ती आत गेली. लोंढ्यांच्या घरी लग्न होतं, अकरा ब्लाउज द्यायचे होते. खिडकीतून मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सिन्नरला तेव्हा कुत्र्या-मांजरांचा वेगळा दवाखाना नव्हता. जनावरांचा सरकारी दवाखाना होता, पण तिथले डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते. शेजारच्या वारुंगसे काकूंनी नाशिकरोडच्या डॉक्टर खैरनारांचा नंबर दिला. पुढच्या खोलीतल्या फोनवरून मी तो फिरवला. सकाळचे नऊ वाजले असतील.

पलीकडे दवाखान्यातला मदतनीस होता. आवाज शांत, सवयीचा. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, वजन विचारलं.

"खातो का?"

"कालपासून नाही."

"पाणी?"

"पितो, म्हणजे तोंड घालतो. जात नाही आत."

"जबडा लोंबतोय?"

"हो."

पलीकडचं पेन थांबल्यासारखं वाटलं. मग त्यानं विचारलं, "पिसाळू नये म्हणून लस देतात ती दिलीय ना, ताई?"

"हो."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. भाद्रपदात."

"मग बरंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा मोकळा झाला. "सर दिवसभर पोल्ट्रीवर आहेत, संध्याकाळी येतात. पाच वाजताची वेळ लिहितो. काही खायला घालू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं पाहिजे. जाड पोत्यावर नाहीतर घोंगडीवर घालून आणा, उघड्या हातांनी उचलू नका. लाळ अंगाला लागू देऊ नका. तोंडात तर हात अजिबात घालू नका. आणि टोचल्याचं कार्ड आठवणीनं आणा."

"तोंडात हात का नाही घालायचा?" मी विचारलं.

"तुमच्याला टोचलंय म्हणून सांगतो ताई, घाबरू नका. पण पिसाळलेलं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येतं असं नाही. कधी कधी ते असंच गप्प होतं. जबडा लोंबतो, गिळता येत नाही. लोकांना वाटतं हाड अडकलं, आणि लोक तोंडात हात घालतात. लाळ जखमेला लागली की संपलं. मग त्याच्यावर औषध नाही. लगेच इंजेक्शनं घेतली तरच माणूस वाचतो." जरा थांबून तो म्हणाला, "पाचला या."

मी फोन ठेवला. हात फोनवरच राहिला.

काजूला टोचलेलं नव्हतं.

भाद्रपदात वहिनीनंच ते ठरवलं होतं. घरात कुत्रं राहू दे, पण त्याला टोचून आणा, एवढी एकच अट तिनं घातली होती. तिनंच सरकारी दवाखान्यात विचारून शनिवारचा दिवस ठरवला. मी काजूला घेऊन गेलेही होते. पण तिथं बैल, शेळ्या, एक जखमी म्हैस. माणसांचीही ही गर्दी. काजू बैलाला घाबरून साखळी तोडायला लागला. बारा वाजता माझ्या मैत्रिणीचा, संगीताचा, साखरपुडा होता आणि माझ्या अंगावर नवा ड्रेस होता. तासभर उभं राहून मी परत फिरले. सोमवारी आणू, असं मनाशी म्हटलं. घरी आले तर वहिनी दारातच उभी. "टोचलं?" तिनं विचारलं. "टोचलं," मी म्हणाले. तो सोमवार कधी आलाच नाही. दिवाळीत काजू मोकाट कुत्र्यांशी भांडून फाटका कान घेऊन आला, तेव्हाही मी हळद लावली आणि गप्प बसले.

आता पौष चालू होता.

मी आत गेले. वहिनी मशीनवर वाकली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. हातशिलाई करून करून तर्जनीच्या टोकाला सुईचे बारीक टोचे पडलेले, काही ताजे, लालसर. अंगठ्याजवळ एक पांढुरका ओरखडा होता. तो सकाळचा होता का जुना, मला कळेना.

"मिळाली वेळ?" तिनं मान वर न करता विचारलं.

"पाचची."

"तुझे दादा साडेतीनला येतील कंपनीतून. वारुंगश्यांची व्हॅन मागू." असं म्हणत तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत पिळलं आणि सुईत ओवलं.

मी मशीनच्या अगदी जवळ गेले.

"वहिनी, हात साबणानं धुतले का?"

"धुतले की नळाखाली."

"साबणानं धुवा ना."

ती हसली. "आता कसला साबण? केव्हाच वाळले. तुला काय झालंय? पांढरीफटक पडलीयेस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण आई दारात आली, म्हणाली, "कार्ड आणायला सांगितलंय ना गं? मला ऐकू आलं. शोधून ठेव, ऐन वेळी धांदल नको." आणि मी मान हलवून कार्ड शोधायला लागले. नसलेलं कार्ड.

कपाट उघडलं. गादीखाली पाहिलं. माझी कॉलेजची फाइल उलटी केली. पंधरा मिनिटांनी वहिनी मशीन थांबवून माझ्या मदतीला आली. "माझ्या बटणांच्या डब्यात बघू का? मी महत्त्वाचे कागद तिथं ठेवते." ती एकेक कागद काढून पाहत होती आणि मी तिच्या शेजारी बसून तिच्या बोटांकडे पाहत होते. "कसल्या रंगाचं होतं?" तिनं विचारलं.

"पिवळं," मी म्हणाले.

खोटं किती सहज निघतं, याची मला त्या क्षणी भीती वाटली. काजूची नव्हे, वहिनीची नव्हे, माझीच.

दुपारी जेवायला मला घास गेला नाही. वहिनी जेवली. तिनं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, आणि मी मनात म्हटलं, पितेय, म्हणजे काही झालेलं नाही. मग आठवलं, इतक्या लवकर काही दिसत नसतं. काजूला जखम होऊन दोन महिने झाले होते. म्हणजे वहिनी आज पाणी पिईल, उद्या पिईल, संक्रांतीला तिळगूळ वाटेल, लोंढ्यांचं लग्न पार पडेल, आणि एक दिवस तांब्या तोंडाशी नेईल अन् खाली ठेवेल.

मी अंगणात गेले. काजू पेरूच्या झाडाखाली बांधलेला होता. मला पाहून त्यानं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय लटपटले. मी हाताला पिशव्या बांधून जाड पोतं अंथरलं, त्याखाली जुनी घोंगडी घातली. पातेलं काठीनं दूर सारलं. आई ओट्यावरून बघत होती.

"एवढं काय भितेस? आपलाच कुत्रा आहे तो."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई. तू लांब राहा."

साडेतीनला दादा आला. हातपाय न धुताच व्हॅन घेऊन आला. काजूला आम्ही पोत्याच्या चार टोकांना धरून उचललं. तो गुरगुरला नाही, चावायलाही आला नाही. नुसता लाळ गाळत, डोळे उघडे ठेवून पडून राहिला. त्याच्या त्या डोळ्यांत मी दिसत असेन असं वाटलं, आणि मी तोंड फिरवलं.

"या तुम्ही दोघं जाऊन," वहिनी म्हणाली. "माझे चार ब्लाउज राहिलेत."

दादानं चावी फिरवली. माझ्या लक्षात आलं, ती मागं राहिली तर डॉक्टरांना ती दिसणार नाही. तिचा हात कुणी बघणार नाही. सगळं काजूपाशीच संपेल.

"वहिनी, तुम्ही चला."

"मी कशाला? मला कुत्र्यातलं काय कळतं?"

"चला ना. मला भीती वाटते."

ते मात्र खरं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मशीनवर कापड झाकलं आणि चपला घातल्या. "बरं, चल. रडू नको आता."

शिंदे-पळसे ही गावं मागं पडली. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. मी तीन वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा समोरून ट्रक आला, दुसऱ्यांदा दादानं वेळ विचारली. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तरी मी मिटलंच.

पाचला पाच कमी असताना आम्ही पोचलो. दवाखाना म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. डॉक्टर खैरनार नुकतेच आले होते, पन्नाशीचे, बुटांना अजून पोल्ट्रीची माती. काजूला पोत्यासकट स्टीलच्या टेबलावर ठेवलं.

"हाच का जबड्याचा? बघू." त्यांनी लांबूनच डोळ्यांवर बॅटरी मारली. "टोचलेला आहे म्हणालात ना फोनवर?"

"हो सर," दादा म्हणाला. "हिनंच नेलं होतं."

"कार्ड?"

"ते घरी सापडलं नाही," वहिनी म्हणाली. "खूप शोधलं. पण टोचलंय, मीच दिवस ठरवून दिला होता."

तिनं माझी बाजू घेतली. माझ्या खोट्याला ती साक्षीला उभी राहिली.

"ठीक आहे. मग जबडा निखळलाय का ते आधी बघू." डॉक्टर एका हातानं काजूची मान धरून दुसरा हात त्याच्या तोंडाकडे न्यायला लागले. हात उघडा होता. बोटांवर कोंबड्यांनी काढलेले ओरखडे होते.

"हात घालू नका!"

मी ओरडले होते. खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांचा हात तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला.

"टोचलेलं नाही त्याला," मी म्हणाले. "मी नेलं होतं, पण टोचलं नाही. मी खोटं बोलले. आणि वहिनींनी सकाळी त्याच्या तोंडात हात घातला होता."

टेबलावर काजूचा घरघर श्वास तेवढा ऐकू येत होता. दादा पुढं आला. तो मला मारणार असं वाटलं, मी डोळेही मिटले. पण मार पडला नाही. डोळे उघडले तर तो वहिनीकडे पाहत होता, आणि वहिनी आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टर मागं सरले. त्यांचा आवाज एकदम बारीक आणि कडक झाला. "कुणी कुणी हात लावला? जखमा आहेत का हातावर? इकडे या, बाई. बेसिनकडे."

त्यांनी नळ सोडला, कपड्याचा साबण दिला. घड्याळ काढून कडेला ठेवलं. "पंधरा मिनिटं. एक मिनिट कमी नको. घासू नका, फेस करून धुवत राहा. तुम्हीसुद्धा," ते मला म्हणाले, "तुम्ही डोकं धरलं होतं ना?"

मी आणि वहिनी एकाच नळाखाली हात धुवत उभ्या राहिलो. तिच्या हातातून साबण दोनदा निसटला. दोन्ही वेळा मी उचलून दिला. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी तोवर सिव्हिल हॉस्पिटलला फोन लावला होता. "आत्ताच जायचं, घरी नाही. पहिलं इंजेक्शन आज. ह्यांच्या बोटांना टोचे आहेत, त्यांना वेगळं सीरमचं इंजेक्शनही लागेल, ते टोच्यांपाशीच बोटांत देतील. दुखेल. पण आज सकाळचीच गोष्ट आहे, अजून वेळ गेलेली नाही." मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुत्रा इथंच राहील, बंद खोलीत. तो काही वाचायचा नाही. तुम्ही बायकोकडे बघा."

सिव्हिलमध्ये बोटाच्या टोकात सुई जाताना वहिनी ओरडली नाही. तिनं दादाचा दंड धरला होता आणि दात ओठांत रुतवले होते. मी दाराशी उभी होते.

परतताना व्हॅनमध्ये ती एवढंच बोलली, तेही दादाशी. "घरी आईंना सांगायचं नाही हिनं काय केलं ते. टोचलं होतं पण लागू पडलं नाही, असं सांगा. त्यांना सहन व्हायचं नाही."

काजू तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी नमुना तपासायला पाठवला होता. आठ दिवसांनी फोन आला: पिसाळलेलाच होता.

एकूण पाच इंजेक्शनं होती. त्या दिवशीचं, तिसऱ्या दिवशीचं, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. मलाही तितकीच. दर वेळी आम्ही दोघी एसटीनं नाशिकला जायचो, शेजारी शेजारी बसायचो, दंड पुढं करायचो आणि परत यायचो. वहिनी कामापुरतं बोलायची. तिनं आपलं ताट, तांब्या, फुलपात्र वेगळं केलं होतं. नर्सनं सांगितलं, असं काही पसरत नाही, बाई. तरी तिनं ऐकलं नाही. दादालाही जवळ येऊ द्यायची नाही. सकाळी ती पाणी प्यायला बसली की मी चुलीपाशी काहीतरी करत राहायचे आणि कान तिच्या घोटाकडे. घोट उतरला की माझा श्वास सुटायचा. अठ्ठावीस सकाळी मी तसं ऐकलं.

शेवटच्या दिवशी, माघ लागला होता, इंजेक्शन घेऊन आम्ही नाशिकरोडच्या स्टँडवर आलो. नर्स म्हणाली होती, झालं, आता निर्धास्त व्हा. सिन्नरची गाडी यायला वेळ होता. स्टँडबाहेर रसवंती होती. वहिनी बाकावर बसली आणि तिनं एकच ग्लास सांगितला. मला विचारलं नाही. मीही मागितला नाही.

तिनं सावकाश अर्धा ग्लास प्यायला. मग समोरच्या रस्त्याकडे पाहत विचारलं, "डॉक्टरांनी हात पुढं केलाच नसता, तर सांगितलं असतंस?"

"मी तुम्हाला चला म्हटलं होतं ना, वहिनी."

"म्हटलंस. म्हणूनच विचारतेय. दिवसभर माझ्याबरोबर कार्ड शोधलंस. व्हॅनमध्ये तासभर शेजारी बसलीस. सांगितलं असतंस का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. अठ्ठावीस दिवस मी स्वतःशी तेच म्हणत आले होते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही, वहिनी."

चरकाचे घुंगरू वाजत होते. एक गाडी आली, माणसं उतरली, ती आमची नव्हती. मग वहिनीनं हातातला अर्धा ग्लास माझ्यापुढं धरला. काचेच्या कडेला तिच्या ओठांची ओल होती.

"घे," ती म्हणाली.

मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तळाशी थेंब राहिला नाही तोवर प्यायले.